वेब कॅशिंग म्हणजे काय? एकाचे पान दुसऱ्याला कसे दिसू शकते?

२५ डिसेंबर २०१५ रोजी, ऐन नाताळात, ‘स्टीम’ या ऑनलाइन गेम विकणाऱ्या साइटवर काही जणांनी आपले खाते उघडले आणि समोर भलत्याच माणसाचे पान आले. कुणाचा ईमेल, कुणाचा बिलाचा पत्ता, तर कुणाची खरेदीची यादी. स्टीम चालवणाऱ्या ‘व्हॉल्व्ह’ कंपनीने नंतर सांगितले, की सुमारे ३४ हजार जणांची पाने अशी इतरांना दिसली असू शकतात. कुणी पासवर्ड चोरले नव्हते. चूक कॅशिंगच्या सेटिंगमध्ये होती.

कॅशिंग म्हणजे काय?

एकदा मिळालेले उत्तर जवळ जपून ठेवायचे आणि तोच प्रश्न पुन्हा आला की तेच उत्तर द्यायचे, याला कॅशिंग म्हणतात. उत्तरे जिथे साठवतात ती जागा म्हणजे कॅशे. मोबाइलच्या सेटिंगमध्ये ‘कॅशे साफ करा’ हा पर्याय दिसतो, तो याच साठ्यासाठी असतो.

हे काम फक्त ब्राउझर आणि ॲप करत नाहीत. वेबवरून माहिती आणणारे प्रोग्रामही करतात. पायथन या भाषेत वेबसाइटला विनंती पाठवण्यासाठी ‘रिक्वेस्ट्स’ ही लायब्ररी, म्हणजे आयता लिहून ठेवलेला कोड, खूप वापरली जाते. ती स्वतः काही साठवून ठेवत नाही. त्यासाठी ‘रिक्वेस्ट्स-कॅश’ ही वेगळी लायब्ररी जोडतात.

ती काम कशी करते?

- प्रोग्रामने विनंती केली की लायब्ररी आधी आपल्या साठ्यात पाहते. वेगळे काही सांगितले नसेल, तर हा साठा एसक्यूलाइटच्या एका फाइलमध्ये असतो.
- उत्तर नसेल तर ती सर्व्हरकडे जाते, उत्तर आणते आणि जपून ठेवते.
- तीच विनंती पुन्हा आली, की सर्व्हरकडे न जाता साठ्यातले उत्तर देते.

माहिती फक्त मागवणाऱ्या विनंत्यांचीच उत्तरे ती आपणहून साठवते. फॉर्म भरणे किंवा पैसे पाठवणे अशा, सर्व्हरवर काही बदल घडवणाऱ्या विनंत्या ती साठवत नाही.

फायदा काय?

वेळ वाचतो, डेटा वाचतो आणि समोरच्या सर्व्हरवरचा भार कमी होतो. अनेक सेवा विनंत्यांवर मर्यादाही घालतात. उदाहरणार्थ, ‘गिटहब’ची माहिती लॉगिन न करता प्रोग्रामने मागितली, तर तासाला ६० विनंत्यांचीच मुभा असते. प्रोग्राम तपासताना तो दहा-वीस वेळा चालवावा लागतो, त्यात ही मर्यादा सहज संपते.

उत्तर शिळे झाले तर?

युरोपची मध्यवर्ती बँक युरोचे संदर्भ दर कामकाजाच्या दिवशी साधारण एकदाच जाहीर करते. त्यामुळे दर मिनिटाला दर विचारण्यात अर्थ नाही. पण मागच्या महिन्याचा दर आजचा म्हणून दाखवला, तर हिशेबच चुकतो. ‘रिक्वेस्ट्स-कॅश’मध्ये मुदत ठरवून दिली नाही, तर साठवलेले उत्तर कधीच कालबाह्य होत नाही. प्रोग्राम सुरळीत चालतो, कुठेही एरर येत नाही, आकडा मात्र जुना असतो. म्हणूनच ही चूक लवकर लक्षात येत नाही.

यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे मुदत. सर्व्हर स्वतःच उत्तरासोबत ‘कॅशे-कंट्रोल’ ही सूचना पाठवू शकतो. तिच्यात ‘मॅक्स-एज’ ३६०० असेल, तर ते उत्तर एक तास चालेल. ‘नो-स्टोअर’ म्हणजे अजिबात साठवू नका. ‘नो-कॅशे’चा अर्थ मात्र नावावरून वाटतो तसा नाही. साठवा, पण प्रत्येक वेळी वापरण्याआधी विचारा, असा तो आहे.

दुसरा उपाय म्हणजे खूण. सर्व्हर उत्तरासोबत ‘ई-टॅग’ नावाची खूण देतो. पुढच्या वेळी प्रोग्राम ती खूण दाखवून विचारतो, “यात काही बदल झाला का?” झाला नसेल तर सर्व्हर ३०४ हा क्रमांक कळवतो आणि पूर्ण मजकूर पुन्हा पाठवत नाही.

उत्तर दुसऱ्याच्या हाती गेले तर?

शिळ्या उत्तरापेक्षा हा धोका मोठा आहे. ‘माझे खाते’ या पानाचा पत्ता सगळ्यांसाठी एकच असतो, उत्तर मात्र प्रत्येकाचे वेगळे. कॅशेने फक्त पत्ता पाहिला आणि विचारणारा कोण हे पाहिले नाही, तर पहिल्याचे पान दुसऱ्याला जाते. स्टीमच्या बाबतीत हेच झाले. त्या दिवशी साइटवर बनावट विनंत्यांचा हल्ला सुरू होता. भार सावरण्यासाठी कॅशिंगचे जे नियम लावले गेले, त्यांत लॉगिन केलेल्यांची पानेही साठवली गेली.

अशा पानांसाठी ‘प्रायव्हेट’ ही सूचना असते. हे उत्तर त्या व्यक्तीच्या ब्राउझरपुरतेच, अनेकांसाठीच्या सामाईक कॅशेत ठेवू नये, असे ती सांगते.

थोडक्यात

उत्तर साठवायला लायब्ररी जोडून एक-दोन ओळींचा कोड पुरतो. पण ते कधी टाकून द्यायचे आणि कुणाला दाखवायचे, हे प्रोग्राम लिहिणाऱ्यालाच ठरवावे लागते. आणि एखाद्या साइटवर आपल्या जागी दुसऱ्याचेच नाव दिसले, तर तिथे कार्डाचा नंबर किंवा इतर माहिती भरू नये. गडबड दूर होईपर्यंत थांबावे.