केवळ लेखनावर जगता येते का? स्वतंत्र कादंबरीकाराचे काम, कमाई आणि हक्क

नोकरी किंवा पगाराचा आधार न घेता कथा-कादंबऱ्या लिहून चरितार्थ चालवणाऱ्याला स्वतंत्र किंवा पूर्णवेळ लेखक म्हणतात. मराठीत असे लेखक थोडेच झाले. बहुतेक नामवंत लेखक प्राध्यापक, शिक्षक, पत्रकार किंवा सरकारी नोकर होते. असे का झाले आणि आज लिहू पाहणाऱ्याने काय ध्यानात ठेवावे, ते पाहू.

मराठीतले काही लेखक

हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले आणि 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी त्यातून क्रमशः छापली. लेखक आणि संपादक एकच असल्याने काय छापायचे हे ठरवण्यासाठी त्यांना दुसऱ्याच्या दारी जावे लागले नाही.

बाबूराव अर्नाळकर यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड असे ठरलेले नायक पुन्हा पुन्हा आणल्यामुळे वाचक पुढच्या पुस्तकाची वाट पाहत.

विदर्भातले ठळक नाव उद्धव शेळके यांचे. १९६० साली आलेल्या 'धग'मध्ये त्यांनी कौतिक या गरीब बाईचा संसार वऱ्हाडी बोलीत उभा केला. ही कादंबरी मराठीतल्या महत्त्वाच्या कादंबऱ्यांत गणली जाते. पुढे त्यांनी लेखनावरच घर चालवले. त्यासाठी खपतील अशा लोकप्रिय कादंबऱ्या मोठ्या संख्येने लिहिल्या. 'धग'च्या तोडीचे पुन्हा का लिहिले नाही, असे त्यांच्याबद्दल विचारले गेले. या प्रश्नाचे निदान अर्धे उत्तर पुस्तकाच्या हिशोबात सापडते.

पैसा येतो कुठून?

पुस्तकाच्या छापील किमतीचा ठरावीक टक्का लेखकाला मिळतो, त्याला मानधन किंवा रॉयल्टी म्हणतात. समजा, पुस्तकाची किंमत ३०० रुपये, रॉयल्टी १० टक्के आणि आवृत्ती १००० प्रतींची आहे. सगळ्या प्रती खपल्या तर लेखकाला ३०,००० रुपये मिळतील. कादंबरीला वर्ष लागले असेल, तर महिन्याला अडीच हजार.

त्यात एकेकाळी लोकप्रिय कादंबऱ्यांचा मोठा गिऱ्हाईक म्हणजे वाचनालय. वाचनालयाने घेतलेली एक प्रत शंभर जणांनी वाचली, तरी लेखकाला पैसे एकाच प्रतीचे. कित्येकदा प्रकाशक एकरकमी पैसे देऊन हस्तलिखित घेई, मग पुढच्या आवृत्त्यांचेही काही मिळत नसे. अशा व्यवस्थेत जुने पुस्तक घर चालवत नाही, नवेच लिहावे लागते. महिन्याला एक पुस्तक द्यायचे तर पुनर्लेखनाला वेळ उरत नाही.

दिवाळी अंक हा दुसरा मार्ग. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन'ने १९०९ मध्ये ही प्रथा रुजवली. आता ई-पुस्तक, ऑडिओबुक आणि वेबमालिका यांची भर पडली आहे.

करारात काय पाहावे?

लेखकाची खरी मालमत्ता म्हणजे कॉपीराइट. कॉपीराइट कायदा, १९५७ मधल्या या गोष्टी माहीत हव्यात :

• लिहिता क्षणीच हक्क लेखकाचा होतो. नोंदणी सक्तीची नाही, पण वाद झाल्यास उपयोगी पडते.
• हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी, सहीचा करार लागतो. मुदत लिहिली नसेल, तर ती पाच वर्षांची धरली जाते.
• करारात वेगळे लिहिले नसेल आणि प्रकाशकाने वर्षभरात हक्क वापरला नाही, तर तो हक्क लेखकाकडे परत येतो.
• छापील पुस्तक, भाषांतर, ऑडिओ, चित्रपट हे वेगवेगळे हक्क आहेत. 'सर्व हक्क' असे मोघम लिहू देऊ नये.
• लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क वारसांकडे राहतो.

शेवटचा मुद्दा किती मोलाचा, ते सुहास शिरवळकर यांच्या उदाहरणावरून कळते. त्यांचे निधन २००३ मध्ये झाले आणि 'दुनियादारी'वरचा चित्रपट २०१३ मध्ये आला. त्यांच्या लेखनावरचा कॉपीराइट २०६३ अखेरपर्यंत चालेल.

स्वतःच पुस्तक काढायचे असेल तर

नागपुरात जरीपटक्यासारख्या सिंधी वस्तीत राहून कोणी सिंधी, हिंदी किंवा मराठीत लिहिले, तरी कायदा एकच. आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनाशुल्क मिळतो, त्यासाठी कोणाला पैसे मोजू नयेत. मोजक्याच प्रती छापण्याची सोय असल्याने घरात गठ्ठे साठत नाहीत. मात्र संपादन, मुद्रितशोधन आणि विक्री ही प्रकाशकाची कामे लेखकावर येतात. विदर्भ साहित्य संघ ही १९२३ पासूनची संस्था नागपुरातच आहे. तिथल्या कार्यक्रमांत इतर लेखकांची गाठ पडते आणि कोणता प्रकाशक वेळेवर हिशोब देतो, हेही तिथे विचारता येते.

नोकरी सोडावी का?

पहिल्या पुस्तकावर विसंबून सोडू नये. आधीच्या पुस्तकांचे हक्क स्वतःकडे असतील आणि त्यातून दरवर्षी काही येत असेल, तर विचार करता येतो. हातातले पुस्तक सावकाश, मनासारखे लिहिण्याची मोकळीक त्या जुन्या पुस्तकांमुळेच मिळते.