विदर्भातील शिलावर्तुळे व दफनवस्तू

विदर्भातील शिलावर्तुळे ही महाराष्ट्राच्या पूर्व भागातील लोहयुगीन दफनस्थळे आहेत. मोठे दगड वर्तुळाकार मांडून त्यांच्या आत मृतांचे अवशेष व त्यांच्यासोबत विविध वस्तू पुरण्याची प्रथा येथे सर्वसाधारणपणे इ.स.पू. पहिल्या सहस्रकात प्रचलित होती. या स्थळांचा समावेश महापाषाणीय संस्कृतीत केला जातो. नागपूर जिल्ह्यातील जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा आणि नैकुंड ही त्यांतील प्रमुख स्थळे होत.

रचना
वर्तुळासाठी बहुधा स्थानिक काळ्या पाषाणाचे मोठे गोटे वापरलेले आढळतात. आतील भाग माती व गोट्यांनी भरलेला असतो. अनेक वर्तुळांत संपूर्ण सांगाडा मिळत नाही. मृताची निवडक अस्थी पुरलेली दिसतात.

दफनवस्तू
लोखंडी वस्तूंमध्ये कुऱ्हाडी, छिन्न्या, वाकस, कट्यारी, भाल्यांची पाती व पळ्या यांचा समावेश होतो. काही कुऱ्हाडी दांड्याला घट्ट बसाव्यात म्हणून लोखंडी पट्ट्यांनी आवळलेल्या असत. तांब्याच्या वस्तूंत बांगड्या, भांडी व पक्ष्यांच्या आकृती बसवलेली झाकणे उल्लेखनीय आहेत. यांशिवाय कार्नेलियनचे मणी, सोन्याचे अलंकार आणि काळी-तांबडी मृद्भांडी मिळाली आहेत.

माहुरझरी येथे माणसांसोबत घोडेही पुरलेले आढळले. घोड्यांच्या डोक्यावरील तांब्याची आभूषणे, लोखंडी लगाम आणि हाडांवरील कापल्याच्या खुणा यांवरून दफनविधीत घोड्याचा बळी दिला जात असावा, असे अनुमान केले जाते.

दगडांवरील कोरीव खुणा
जुनापाणी येथील काही वर्तुळांच्या दगडांवर वाटीसारखे लहान खळगे ओळीने कोरलेले आहेत. त्यांचा संबंध दिशांशी किंवा खगोलीय निरीक्षणाशी असावा, असे मत काही अभ्यासकांनी मांडले आहे. मात्र त्याविषयी एकमत नाही. खळगे असलेला दगड वर्तुळात नेमक्या कोणत्या दिशेला होता, हे माहीत असल्याशिवाय या मताची पडताळणी करता येत नाही.

संशोधन
ख्रिस्ती मिशनरी व भूवैज्ञानिक स्टीफन हिस्लॉप यांनी या अवशेषांकडे प्रारंभीच लक्ष दिले. सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटजवळील शिलावर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात बुडून त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर जे. एच. रिव्हेट-कार्नाक यांनी जुनापाणी येथे उत्खनन केले व १८७९ मध्ये त्याविषयीचा लेख प्रसिद्ध केला. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या वतीने बी. के. थापर यांनी १९६१-६२ मध्ये जुनापाणी येथे पुन्हा उत्खनन केले. नागपूर विद्यापीठातर्फे शां. भा. देव यांनी १९६८-६९ मध्ये टाकळघाट-खापा व त्यानंतर माहुरझरी येथे उत्खनने केली.

पेंच नदीकाठच्या नैकुंड येथे देव आणि अ. प्र. जामखेडकर यांच्या उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी उघडकीस आली. तिचा काळ सुमारे इ.स.पू. ७०० मानला जातो. दफनांत सापडणारे लोखंड बाहेरून आणण्याची गरज नव्हती, ते याच प्रदेशात तयार होत होते, हे या भट्टीमुळे स्पष्ट झाले.

संग्रह व जतन
रिव्हेट-कार्नाक यांनी जुनापाणी येथून मिळवलेल्या वस्तू लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. एकोणिसाव्या शतकातील उत्खननांत वस्तू मिळवण्यावर भर होता. कोणती वस्तू कोठे व कशासोबत पुरली होती, याची पुरेशी नोंद नेहमी झाली नाही. विसाव्या शतकातील उत्खननांत अशा नोंदी ठेवल्या गेल्याने लगाम, आभूषण व घोड्याचा सांगाडा यांचा परस्परसंबंध लावता आला. संग्रहालयातील सुटा लगाम घोडेस्वारीचा पुरावा देतो. दफनविधीचा पुरावा मात्र त्या लगामाचे मूळ स्थान देते.

शेती, दगडखाणी, रस्ते व नागपूर शहराचा विस्तार यांमुळे अनेक शिलावर्तुळांना धोका निर्माण झाला आहे. उत्खनन न झालेले वर्तुळ नष्ट झाल्यास त्यातील वस्तू पुढे हाती आल्या, तरी त्यांचा मूळ संदर्भ परत मिळत नाही.