व्ही.पी.चे पार्सल आणि फसवणुकीचा जुना डाव

१/ जुन्या मराठी मासिकांच्या जाहिरातींत ‘व्ही.पी.ने मागवा’ अशी सूचना वारंवार भेटते. आज मोबाइलवर येणाऱ्या ‘तुमचे पार्सल अडकले आहे’ या बनावट संदेशांचे मर्म समजून घ्यायचे, तर या दोन अक्षरांचा इतिहास पाहावा लागतो. 🧵

२/ १८७७ मध्ये हिंदुस्थानच्या टपालखात्याने व्हॅल्यू पेएबल, म्हणजेच व्ही.पी. पद्धत सुरू केली. विक्रेता पार्सलची किंमत नोंदवी. पोस्टमन ती ग्राहकाकडून वसूल करून मगच पार्सल हाती देई. रक्कम टपालखात्यामार्फत विक्रेत्याला पोहोचे.

३/ प्रश्न विश्वासाचा होता. विक्रेता मुंबईत, ग्राहक खानदेशातील एखाद्या खेड्यात. पैसे आधी पाठवले तर माल येईलच याची ग्राहकाला शाश्वती नाही. माल आधी पाठवला तर पैशांची विक्रेत्याला नाही. या दोन अनोळखी माणसांमध्ये टपालखाते मध्यस्थ म्हणून उभे राहिले.

४/ परंतु एक फट उरली. पैसे आधी द्यायचे आणि पार्सल नंतर उघडायचे. आत काय आहे, हे पोस्टमनलाही ठाऊक नसे. न मागवलेली वस्तू कुणाच्या नावे धाडली, तर ‘घरात कुणीतरी मागवली असेल’ या समजुतीने पैसे भरले जाण्याचा धोका होताच.

५/ ही फट कायदेकर्त्यांच्याही ध्यानात आली होती. १८९८ च्या भारतीय टपाल कायद्याने सरकारला दोन महत्त्वाचे नियम करण्याचे अधिकार दिले. पहिला : खरी मागणी आल्यामुळेच वस्तू पाठवत असल्याचे पाठवणाऱ्याने जाहीर करावे. दुसरा : फसवणूक आढळल्यास वसूल केलेली रक्कम रोखून ग्राहकास परत करावी.

६/ रक्कम रोखणे शक्य होते, कारण ती विक्रेत्याच्या हाती पडण्यापूर्वी टपालखात्याच्या हातून जात असे. तेवढा अवधी हेच ग्राहकाचे संरक्षण होते.

७/ आजच्या ठगाने नेमका हाच अवधी काढून टाकला आहे. ‘पत्ता अपुरा आहे, अमुक तासांत लिंकवर दुरुस्त करा, किरकोळ शुल्क भरा.’ येथे पार्सलही नाही आणि पोस्टमनही नाही. इंडिया पोस्टच्या नावे फिरणारे असे संदेश पीआयबीच्या फॅक्ट चेक विभागाने बनावट ठरवले आहेत.

८/ दुसरा प्रकार भीतीचा : ‘तुमच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले.’ त्यानंतर व्हिडिओ कॉलवर तोतया पोलीस. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची कोणतीही तरतूद भारतीय कायद्यात नाही.

९/ म्हणून गमावलेला अवधी स्वतःच निर्माण करावा लागतो. लिंक न उघडता पार्सलचा क्रमांक टपालखात्याच्या किंवा कुरिअर कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर स्वतः टाकून पाहावा. ओटीपी वा यूपीआय पिन कुणालाही सांगू नये. पैसे गेलेच, तर तत्काळ १९३० या क्रमांकावर आणि बँकेकडे तक्रार करावी. लवकर कळवल्यास रक्कम वाटेतच गोठवली जाण्याची शक्यता असते.

१०/ १८९८ चा कायदा आता इतिहासजमा झाला. त्याची जागा २०२३ च्या टपाल कायद्याने घेतली. ‘ही वस्तू खरोखर मागवली होती का?’ या प्रश्नाचे उत्तर तो जुना कायदा पाठवणाऱ्याकडे मागू शकत होता. आता पैसे देण्यापूर्वी तो प्रश्न घेणाऱ्यानेच विचारायचा आहे.