ड्रॅगन परिशिष्टात होता

आमच्या बेलापूरच्या सोसायटीत दिवाळीचा किल्ला करायचा तर पहिली अडचण मातीची. आवारभर फरशी आहे. तरी मुलं नर्सरीतून मातीची पोती आणतात, विटांवर गोणपाट टाकून चिखल थापतात, त्यावर हळीव पेरतात. वर सिंहासनावर महाराज, तटावर मावळे, पायथ्याशी गवळण. ही गवळण महादरवाजापेक्षा उंच असते आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही.

माझी खेळातली सेना वेगळी होती. शिंगांच्या टोपांचे ऑर्क, लांब कानांचे एल्फ, तलवारी घेतलेले सांगाडे. उंची २८ मिलिमीटरच्या आसपास. बारीक कुंचल्याने रंगवायचे, टेबलावर टेकड्या-झाडी मांडायची, फूटपट्टीने चाल मोजायची आणि फासे टाकून निकाल लावायचा. दोन वर्षांपूर्वी मी ते कपाटाच्या खालच्या खणात ठेवले आणि अठराव्या शतकातले मराठे घोडेस्वार रंगवायला घेतले. कल्पनेचा कंटाळा आला का, असं मित्र विचारतात. कंटाळा आला नव्हता. या खेळाचं कूळ शोधता शोधता मी इथे पोचलो.

कूळ आपल्याच दारातून निघतं. सातव्या शतकात बाणभट्टाच्या ‘हर्षचरिता’त चतुरंग या पटावरच्या खेळाचा उल्लेख येतो. चतुरंग म्हणजे सैन्याची चार अंगं: हत्ती, घोडे, रथ, पायदळ. पुढे आपल्या पटावर रथ उरला नाही, उंट आला. चतुरंगाचं बुद्धिबळ होऊन ते युरोपात रुजलं, आणि १७८० साली जर्मनीत ब्राउनश्वाइगच्या हेलविग नावाच्या गणिताच्या शिक्षकाने पट इतका वाढवला की त्यावर हजाराहून जास्त घरं झाली. काही घरं डोंगराची, काही पाण्याची, काही दलदलीची.

खरी उडी प्रशियातल्या रायस्विट्झ बापलेकांची. बापाने १८१२ साली राजाला घरांचा पटच काढून टाकलेलं, उंचसखल भूमीचं टेबल दाखवलं. तोफखान्यात अधिकारी असलेल्या मुलाने १८२४ साली नियम छापले: नकाशा, फासे आणि निवाडा देणारा पंच. किती अंतरावरून किती माणसं पडतील याचे तक्ते तोफा-बंदुकांच्या प्रत्यक्ष चाचण्यांच्या आकड्यांवर बेतलेले होते. मला या कुळात सर्वांत मोलाची वाटते ती ही गोष्ट. नियम कुणाच्या मनात आला म्हणून झाला नाही, तो आधी मोजला गेला.

पुढे १९१३ साली एच. जी. वेल्सने शिशाचे शिपाई जमिनीवर मांडून घरगुती खेळाचे नियम लिहिले. १९७१ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचं ‘चेनमेल’ निघालं. पुस्तक मध्ययुगीन युरोपातल्या लढायांचं. जादूगार, ड्रॅगन आणि अग्निगोल शेवटी जोडलेल्या परिशिष्टात. त्या परिशिष्टातून १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ उभं राहिलं, आणि १९८३ साली इंग्लंडात ‘वॉरहॅमर’. माझे ऑर्क त्या परिशिष्टाचे वंशज. मी खेळ बदलला असं मला वाटत नाही. पुस्तकाची पानं उलट चाळत मी मूळ मजकुरापर्यंत आलो.

मूळ मजकूर मात्र कठीण आहे. ऑर्कची ढाल मी जांभळी रंगवली तरी हरकत घेणारा कुणी नव्हता. घोडेस्वार रंगवायला बसलो आणि पहिल्याच संध्याकाळी हात थांबला: हा शिलेदार की बारगीर? बारगीर सरकारी पागेतल्या घोड्यावर बसायचा. शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला यायचा. त्याचा घोडा मेला तर नुसती लढाई नाही, पोटाचं साधन जायचं. म्हणून तो घोडा जपायचा. बंदुकांच्या रांगेवर सरळ तुटून पडण्यापेक्षा बगल धरणं, रसद तोडणं आणि वेळेवर निघून जाणं त्याला परवडायचं. मी पाहिलेल्या परदेशी नियमपुस्तकांत अशी माघार भेकडपणा ठरते आणि गुण जातात. हा अन्याय मला सहन होत नाही. मी घरच्या खेळासाठी नियम बदलला: पहिला घोडा पडला की शिलेदारांच्या तुकडीने फासा टाकायचा, आणि ती मागे हटली तरी तिचे गुण जाणार नाहीत. हटलेली तुकडी पुढच्या खेपेला पुन्हा बगलेवर येऊ शकते. या एका ओळीने सगळा डाव पालटतो. समोरच्याला आपले सामानाचे बैल राखायला माणसं मागे ठेवावी लागतात.

आणि हे सगळं बेलापुरात बसून. हे शहर वसवणारी सिडको १९७० सालची, म्हणजे ‘चेनमेल’पेक्षा एका वर्षाने मोठी. पण या सेक्टरांच्या आधी इथे खाडीवर किल्ला होता. पोर्तुगीज, मराठे, इंग्रज, सगळे त्याच्यासाठी भांडले; १८१७ साली तो इंग्रजांकडे गेला. त्याचे अवशेष अजून आहेत.

यंदा मी तीन शिलेदार मुलांच्या किल्ल्यावर ठेवायला दिले. ते गवळणीच्या जेमतेम गुडघ्याला लागले. दुसरीतल्या एका मुलीने विचारलं, हे घोडे कुणाचे? ज्याचे त्याचे, मी म्हटलं, मेले तर दुसरे मिळायचे नाहीत. तिने तिघांना तटाच्या कडेवरून उचललं आणि आत, धान्याच्या कोठाराशेजारी, भिंतीला टेकवून ठेवलं.