तीन आठवड्यांची थकबाकी

सकाळी आठला एक मिनिट असताना नंबर तयार ठेवायचा आणि आठच्या ठोक्याला बटण दाबायचं, ही इंग्लंडमधल्या घराघरातली कवायत आहे. इकडे दवाखान्याला 'सर्जरी' म्हणतात; कापाकापीशी तिचा संबंध नाही. मी बटण दाबलं तेव्हा यंत्राने सांगितलं, तुम्ही रांगेत सव्विसावे. पाऊण तासाने माणसाचा आवाज आला. आजचे स्लॉट संपले, उद्या आठला पुन्हा फोन करा, नाहीतर तीन आठवड्यांनंतरची तारीख देते. दुखणं खांद्याचं होतं, जिवावरचं नव्हतं, म्हणून तारीख घेतली. संध्याकाळी चार मराठी मंडळी जमली तेव्हा निकाल एकमताने लागला : "अहो, डॉक्टरच नाहीत. दुसरं काय!"

हा निकाल मला मान्य नाही. डॉक्टर कमी आहेत हे खरंच आहे. पूर्णवेळाच्या हिशेबाने मोजले तर इंग्लंडमधले पूर्ण प्रशिक्षित जीपी, म्हणजे सर्जरीतले डॉक्टर, २०१५ पेक्षा २०२४ मध्ये कमी होते, आणि तेवढ्या काळात नोंदलेले रुग्ण वाढले. माझी हरकत आहे ती 'म्हणून' या शब्दाला. डॉक्टर कमी, म्हणून तीन आठवडे, हे अनुमान हिशेबाला उतरत नाही.

समजा, एका सर्जरीत रोज ऐंशी जण अपॉइंटमेंट मागतात आणि सर्जरीला सत्तरच जण तपासता येतात. रोज दहा मागे राहिले. कामाचे अडीचशे दिवस धरले तर वर्षाअखेर अडीच हजार जण साचतात, आणि सत्तरच्या गतीने त्यांचा निपटारा करायला सात आठवडे लागतात. म्हणजे आज तीन आठवड्यांची तारीख मिळत असेल तर पुढच्या वर्षी दहा आठवड्यांची मिळायला हवी, त्यापुढच्या वर्षी सतरा. माझ्या सर्जरीत मात्र गेल्या वर्षी तीन आठवडे होते, यंदाही तीनच आहेत. रांग वाढत नाही याचा सरळ अर्थ असा की जितके येतात तितके बाहेरही पडतात. मग हे तीन आठवडे आले कुठून? कधीतरी एखाद्या हिवाळ्यात, दोन डॉक्टर रजेवर असताना, काम साचलं. ते कुणी फेडलं नाही. पगार खर्चाला पुरतो, पण वाण्याची मागच्या महिन्याची उधारी या महिन्याच्या पगारातून भागवावी लागते आणि या महिन्याचा किराणा पुन्हा उधारीवर येतो, अशी घरं आपण पाहिलेली आहेत. त्या घरात कमाई कमी नसते, एक महिना मागे पडलेला असतो.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. रांग लांब दिसली की माणसं मागणंच सोडतात. कुणी थेट हॉस्पिटलच्या अपघात विभागात जाऊन बसतो, कुणी केमिस्टला विचारतो, कुणी अंगावर काढतो. म्हणून रांग स्थिर दिसते. टंचाई आतल्या आत असतेच. मान्य. पण मग यातून एवढंच ठरतं की तारखेच्या लांबीवरून टंचाई मोजता येत नाही. टंचाई मोजायची तर रोज किती जणांनी मागितलं आणि किती जणांना परत पाठवलं याची नोंद हवी. 'उद्या आठला फोन करा' हे वाक्य ऐकलेला माणूस मात्र कुठल्याच वहीत उतरत नाही. शिवाय गळतात कोण? वेल्समधल्या खाणकामगारांच्या गावात डॉक्टरकी केलेल्या ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडलं होतं की जिथे गरज जास्त तिथे चांगली सेवा कमी पोचते. आठ वाजता कारखान्याच्या पाळीवर असलेला माणूस फोन लावणार कधी?

आता सर्जरीची डायरी जरा जवळून पाहू. तिच्यात कप्पे असतात : आजच्यासाठी राखलेले स्लॉट, दोन दिवस आधी उघडणारे, आगाऊ देण्याचे, नर्सचे. एका कप्प्यात जागा रिकामी असली तरी दुसऱ्या कप्प्यातला माणूस तिथे बसू शकत नाही. त्यामुळे एकाच सर्जरीत दोन रांगा लागतात. इंग्लंडमध्ये चाळीस टक्क्यांहून जास्त भेटी त्याच दिवशी होतात, हे ऐकून आमची मंडळी चकित झाली. आठच्या झटापटीत जिंकलेला त्याच दिवशी डॉक्टरसमोर असतो आणि हरलेला तीन आठवड्यांवर जातो. डॉक्टर दोघांना तेच.

दुसरा घोळ असा की ठासून भरलेली डायरी ही उत्तम कारभाराची खूण मानली जाते. रांगांचं गणित याच्या उलट सांगतं. एकच खिडकी असेल, माणसं अवचित येत असतील आणि प्रत्येकाच्या कामाला लागणारा वेळही अनियमित असेल, तर खिडकी ८० टक्के वेळ व्यग्र असताना सरासरी वाट पाहावी लागते ती कामाच्या वेळेच्या चौपट. ९० टक्क्यांना नऊपट. ९५ टक्क्यांना एकोणीसपट. थोडी जागा मोकळी सोडणं हा आळस नाही.

हे नुसतं कागदावरचं नाही. कॅलिफोर्नियात कैसर परमनंटे या आरोग्यसंस्थेत मार्क मरे आणि कॅथरीन टँटाऊ यांनी १९९० च्या दशकात आधी साचलेलं काम जास्तीचे तास घालून संपवलं आणि मग आजचं आज करायला सुरुवात केली. पंचावन्न दिवसांची प्रतीक्षा वर्षाच्या आत एका दिवसावर आली. ते मोजत असत तिसरा मोकळा स्लॉट, पहिला नव्हे. कारण पहिला कुणीतरी ऐनवेळी रद्द केलेला असू शकतो. बारीक गोष्ट आहे, पण हिशेबाची नियत तिथेच कळते.

ब्रिटनने यातला आकडा उचलला आणि थकबाकी फेडण्याचं काम बाजूला ठेवलं. सन २००० च्या आरोग्य योजनेत ठरलं की २००४ पर्यंत जीपी ४८ तासांत भेटला पाहिजे. सर्जऱ्यांनी तोडगा काढला : ४८ तासांपलीकडची तारीख द्यायचीच नाही. एप्रिल २००५ मध्ये टीव्हीवरच्या जाहीर कार्यक्रमात एका बाईंनी टोनी ब्लेअर यांना हे तोंडावर सांगितलं, तेव्हा पंतप्रधानांना ते ठाऊकच नव्हतं. २०१० मध्ये नव्या सरकारने ते लक्ष्य काढून टाकलं. डायरीतून हाकललेली रांग टेलिफोनवर मात्र तशीच राहिली.

आमच्यातले एक काका म्हणाले, "यापेक्षा आपलं गाव बरं. कंपाउंडरच्या वहीत नाव लिहिलं की त्याच दिवशी नंबर." खरं आहे. पण तिथली रांग बाकावर बसते, दोन-तीन तास. आणि हा काही आपलाच शोध नव्हे. ब्रिटनच्या हॉस्पिटलांतही डॉक्टरला क्षणभर रिकामं बसावं लागू नये म्हणून रुग्णांना घाऊक बोलावून ठेवत. नॉर्मन बेली या संख्याशास्त्रज्ञाने १९५२ मध्ये दाखवलं की सुरुवातीला दोघांना बोलावून पुढे एकेकाला ठरावीक अंतराने बोलावलं, तरी डॉक्टर फारसा रिकामा राहत नाही आणि बाकही ओसरतो.

राहता राहिला रुग्णांवरचा ठपका : लोक तारीख घेतात आणि येत नाहीत. २०१९ मध्ये इंग्लंडच्या आरोग्यसेवेनेच सांगितलं की वीसातली एक भेट अशी वाया जाते. २०२२ मध्ये पंतप्रधानपदाच्या शर्यतीत ऋषी सुनक यांनी दहा पौंड दंडाची कल्पना काढली; पुढे ती त्यांनीच सोडून दिली. इथेही घोडा गाडीमागे जुंपला आहे. तारीख जितकी लांब, तितका माणूस बरा होण्याचा, विसरण्याचा किंवा दुसरीकडे जाण्याचा संभव जास्त.

माझंच पाहा. तारखेच्या आठवडाभर आधी खांदा दुखायचा आपसूक थांबला. दुसऱ्या कुणाची सोय व्हावी म्हणून अपॉइंटमेंट रद्द करायला फोन लावला. यंत्र म्हणालं, तुम्ही रांगेत एकोणिसावे.