गंज हेही साधन : एका पद्मिनीची प्रतिकृती

१/ गोंदियात आमच्या घरामागे चिंचेखाली एक प्रीमियर पद्मिनी वर्षानुवर्षे उभी आहे. पावसाळ्यापूर्वी ती भंगारात जाणार. म्हणून १:२४ प्रमाणात तिची प्रतिकृती करायला घेतली.

२/ वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट तयार होऊ लागली. १९७४ मध्ये तिला ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली.

३/ गंज सर्वत्र सारखा नसतो. पाणी साचून राहते तिथे तो आधी धरतो : दारांच्या खालच्या कडा, मडगार्डची आतली बाजू, तळाचा पत्रा. पाणी निथळून जाणारा टप बराच काळ तगतो.

४/ प्रतिकृतीत हा क्रम उलटा होतो. आधी गंजाचा तपकिरी रंग, त्यावर ओलाव्याने चिकटवलेले मिठाचे खडे, मग गाडीचा मूळ रंग. वाळल्यावर मीठ खरवडले की खालचा गंज उघडा पडतो. मीठ कुठे टाकायचे हे चिंचेखालची गाडीच सांगते. मनाने टाकले, तर तो बनावट दस्तऐवज.

५/ नव्याकोऱ्या पद्मिनीची छायाचित्रे पुष्कळ आहेत. टाकून दिलेल्या या एका पद्मिनीची नोंद मात्र सुमारे १६ सेंटिमीटरच्या प्रतिकृतीतच उरेल.