न उचललेल्या पगाराची गोष्ट

मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळी सुटताना पाहिली की मला एक जुना प्रश्न आठवतो. अडीनडीला कामगाराला मिळणारी मदत मूळची कोणाची? मालकाची मेहरबानी, असा आपला समज असतो. इतिहास वेगळेच सांगतो.

१९३६ च्या वेतन कायद्याने कामगारांकडून वसूल केलेला दंड मालकाला स्वतःकडे ठेवता येईना. तो कामगारांच्याच हितासाठी खर्चावा लागे. १९५३ मध्ये मुंबई राज्याने कामगार कल्याण निधीचा कायदा केला. त्यात दंडाबरोबर तीन वर्षे न उचललेला पगारही जमा व्हायचा होता. बॉम्बे डाइंग न्यायालयात गेली. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही पगाराची तरतूद रद्द ठरवली. कारण रक्कम निधीत गेली तरी कंपनीच्या डोक्यावरचे देणे फिटत नव्हते. पुढे कायदा सुधारला. नोटीस लावून हक्कदाराला दावा सांगण्याची सोय झाली.

आपल्या शहापूर-मुरबाडचा माणूस भातलावणीला गावी जातो. परत कामावर येईलच असे नाही. मागे राहिलेली त्याची चार दिवसांची मजुरी अशा निधीत जाते. तेव्हा मंडळी, मदत मागताना संकोच नको. आणि हिशेबही विचारा.